म्हशीच्या मानेवरचे ७२ तास

बैलबाजारात दुभती म्हैस घ्यायला गेलेला माणूस आधी कास पाहतो. मग सड, मग दात, मग समोर धार काढून दूध. शेवटी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, इसार हातात पडतो आणि संध्याकाळी म्हैस आपल्या दावणीला येते. मानेकडे कुणी बघत नाही. टीबीची खूण मात्र तिथेच उमटते, तीही तपासणीची सुई टोचल्यानंतर ७२ तासांनी. सौदा होतो अर्ध्या तासात, म्हणून नागपूरच्या आसपासच्या गोठ्यांत टीबी पैसे मोजून आणलेला असू शकतो.

जनावरांचा टीबी मुख्यतः मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जंतूमुळे होतो. भारतात याच कुळातला ओरिगिस नावाचा जंतूही गुरांत सापडला आहे. लागण झाल्यावर महिनोन्‌महिने, कधी वर्षंही, जनावर ठणठणीत दिसतं. ढेप खातं, दूध देतं, गाभण राहतं. नंतर सकाळी उठवताना किंवा पळवल्यावर ओलसर, दबका खोकला येतो. खुराक चांगला असूनही पाठीची हाडं दिसू लागतात. घशामागची गाठ वाढली तर म्हैस घोरल्यासारखा श्वास घेते. कासेत टीबी उतरला तर मागची एखादी बाजू हळूहळू घट्ट होते, पण ती दुखत नाही आणि दूधही सुरुवातीला नेहमीसारखंच दिसतं. ही लक्षणं दिसेपर्यंत शेजारच्या दोन-चार जनावरांना लागण होऊन गेलेली असू शकते.

हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, म्हणतो, ‘भाऊ, डॉक्टरचा कागद आहे नं!’ तो कागद नीट वाचावा. वाहतुकीसाठी मिळणारा दाखला मुख्यतः एवढंच सांगतो, की जनावर ट्रकमध्ये चढवण्याच्या लायक आहे. हरियाणातून आलेल्या मुऱ्हा म्हशीकडे तो असतो, इथल्या नागपुरी म्हशीकडे आणि गवळाऊ गाईकडेही असू शकतो. टीबीची तपासणी झाली आहे, असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. कानातला १२ अंकी बिल्ला ओळख पटवायला उपयोगी आहे. पावतीवर तो नंबर लिहून घ्या, पण त्याला आरोग्याची हमी समजू नका.

आता खरी तपासणी. मानेच्या मधल्या भागात, एकाच बाजूला, दोन ठिकाणचे केस कातरतात. दोन्हींत १२ ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. चिमटीत कातडीची घडी धरून कॅलिपरने जाडी मोजतात आणि लगेच लिहून ठेवतात. मग ट्युबरक्युलिन, म्हणजे टीबीच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन, टोचतात: वरच्या जागी पक्ष्यांच्या टीबीचं, खालच्या जागी गुरांच्या, प्रत्येकी ०.१ मिली. सुई कातडीच्या आतच राहिली पाहिजे, खाली मांसात गेली तर सगळं फुकट. बरोबर टोचलं तर बोटाला मटाराच्या दाण्याएवढी गाठ लागते. म्हशीची कातडी जाड, त्यात ती मान हिसकते. त्यामुळे गाठ लागली नाही तर अंदाजावर सोडू नये. ७२ तासांनी त्याच माणसाने, त्याच कॅलिपरने पुन्हा मोजायचं.

हिशेब असा. वरची जागा ८ मिमीवरून १० झाली, म्हणजे वाढ २. खालची ८ वरून १५, म्हणजे वाढ ७. फरक ५. खालची वाढ वरच्यापेक्षा ४ मिमीहून जास्त असेल तर जनावर बाधित धरतात. आता दुसरी म्हैस घ्या: वर ८ वरून १४, खाली ८ वरून १३. नुसती खालचीच सुई टोचली असती, तर ५ मिमीची सूज पाहून चांगली म्हैस बाद झाली असती. मातीतले निरुपद्रवी जंतू किंवा जोन्स रोग (गुरांच्या आतड्याचा जुनाट आजार) यांच्यामुळे अशी सूज येते. म्हणून दोन सुयांचा आग्रह धरा, एका सुईवर भागवू नका.

यात चुका कुठे होतात? नागपूरच्या मे महिन्यात ट्युबरक्युलिनची बाटली मोटरसायकलच्या डिक्कीत फिरवली, की निकालावर भरवसा उरत नाही. ती २ ते ८ अंश सेल्सियसवर राहिली पाहिजे, म्हणजे बर्फाची पेटी हवीच. दुसरी चूक तिसऱ्या दिवशीची. डॉक्टर येत नाहीत आणि मालक फोनवर सांगतो, ‘काही सूज नाही साहेब.’ ४ मिमी डोळ्यांना दिसत नाही. तिसरी गोष्ट काळाची: लागण झाल्यावर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी कातडी प्रतिक्रिया द्यायला लागते. परवा लागण झालेलं जनावर आज स्वच्छ निघतं. आजार फार वाढला असेल तरीही प्रतिक्रिया मंदावते. व्यायल्यानंतरचे पहिले चार ते सहा आठवडेही फसवे असतात, आणि बाजारात सगळ्यात जास्त भाव नेमका ताज्या व्यालेल्या म्हशीला!

शिवाय आधी ट्युबरक्युलिन टोचलेलं असेल तर पुढचे काही आठवडे कातडी दबलेली राहते. म्हणून दोन तपासण्यांत किमान ४२ दिवस हवेत, ६० असतील तर उत्तम. हे माहीत असलेला विक्रेता सौद्याआधी सुई टोचून ठेवू शकतो. घेण्यापूर्वी मानेवरून आणि शेपटीच्या मुळाजवळच्या घडीवरून हात फिरवा. केस कातरलेली जागा किंवा जुनी गाठ लागली, तर विचारा, ही कशाची?

ट्युबरक्युलिनच्या याच स्वभावावरून इंग्लंडमध्ये एक अल्पाका (उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळला जाणारा प्राणी) देशभर गाजला. जेरोनिमो नावाचा हा नर २०१७ साली न्यूझीलंडहून ग्लॉस्टरशरमध्ये आणला होता. निघण्यापूर्वीच्या तपासण्यांत तो निर्दोष होता, इंग्लंडमध्ये मात्र रक्तचाचणीत दोनदा बाधित निघाला. अल्पाकात कातडीची चाचणी बऱ्याच बाधितांना पकडत नाही. म्हणून आधी ट्युबरक्युलिन टोचतात आणि १० ते ३० दिवसांत रक्त घेतात, कारण त्या सुईने बाधित जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडं उसळतात. म्हणजे तीच सुई कातडीची प्रतिक्रिया दाबते आणि रक्तातली वाढवते. मालकिणीचं म्हणणं, वारंवार टोचल्यामुळेच निकाल खोटा आला. चार वर्षं वाद चालला आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी त्याला मारण्यात आलं. शवविच्छेदनात टीबीसारख्या गाठी दिसल्या, पण जंतू प्रयोगशाळेत वाढवता आले नाहीत. तिथे अल्पाका पैदाशीसाठी, प्रदर्शनांसाठी गावोगाव फिरतात, कळपाने राहतात, एकमेकांवर थुंकतात आणि बऱ्याचदा मरेपर्यंत आजार दाखवत नाहीत. प्राणी परका आहे, पण जनावर फिरतं आणि आजार लपून राहतो, हे आपल्या बाजारातही तसंच आहे.

फरक पुढचा आहे. तिथे बाधित जनावर सरकार मारतं. महाराष्ट्रात गोवंशाची कत्तल कायद्याने बंद आहे. मग बाधित गाय जाते कुठे? गुपचूप पुढच्या बाजारात, थोड्या कमी भावाने. आम्हाला यात सर्वांत जास्त खटकतं ते हे. माणसांच्या टीबीच्या गोळ्या देऊन ती बरी करायचा प्रयत्नही करू नये. उपचार अनेक महिने चालतो, आजार उलटतो, औषध दुधात उतरतं आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होऊ शकतात. बाधित जनावर कायमचं वेगळं बांधायचं, वेगळी गव्हाण, वेगळी बादली, आणि पशुधन विकास अधिकाऱ्याला कळवायचं. तोटा होतो, नाही असं नाही.

म्हणून सौद्यातच अट घाला: अर्धे पैसे आता, अर्धे तिसऱ्या दिवशी मोजमाप झाल्यावर. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरी म्हैस पाहा. आणल्यावर ६० दिवस वेगळं बांधा. मधे नुसती ताटी नको, कारण श्वासातला जंतू ताटीतून आरपार जातो. पाण्याचं टाकं वेगळं. उरलेलं कुटार जुन्या जनावरांपुढे टाकू नका. ६० दिवसांनी दुसरी तपासणी, मगच कळपात. तपासणीची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात करावी. ट्युबरक्युलिन इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत बनतं. ते वेळेवर मिळेल असं धरून चालू नका, सौद्याच्या आधीच विचारून ठेवा.

गोठा धुताना आधी शेण खरवडून काढा. शेणावर ओतलेलं ब्लीच वाया जातं, आणि फरशीच्या सुवासिक फिनाइलवर तर अजिबात विसंबू नये. रिकाम्या गोठ्यात ऊन येऊ द्या. विदर्भाचं ऊन इथे फुकटात कामाला येतं. शेणखड्ड्यात मात्र हा जंतू महिनोन्‌महिने तग धरतो.

दूध उकळूनच. पंचामृतासाठी घेतलेलं कच्चं दूधसुद्धा आधी उकळून थंड करा. गोठ्यात काम करणाऱ्याला दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर त्याची थुंकी तपासून घ्या, कारण माणसाकडूनही गुरांना टीबी जातो. आणि घरात कुणाला टीबी निघालाच, तर डॉक्टरांना घरी म्हशी आहेत हे न विचारता सांगा. बोव्हिस जंतूवर पायराझिनामाइड हे टीबीचं नेहमीचं औषध मुळातच चालत नाही, आणि साध्या थुंकीच्या तपासणीत तो वेगळा ओळखू येत नाही.