आमची वाटचाल: रोपांकडून मातीकडे

आमची सुरुवात रोपवाटिकेपासून झाली. खाणकाम झालेल्या जमिनीवर लावायला खाणवाले झाडांचा आकडा सांगायचे, आम्ही रोपं पोचवायचो, बिल निघायचं. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतून इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन ही जड खनिजं काढतात. हा जड माल वाळूत बहुधा थोडे टक्केच असतो. उरलेली वाळू धुऊन तिथेच परत टाकतात. टेकडी पुन्हा उभी राहते, पण तिच्यात ना कुजलेला पाला, ना बी, ना मुळांना साथ देणारी बुरशी. पाणी ओतलं की सरळ खाली. त्यात नुसतं रोप खोचून काय होणार?

म्हणून आता आम्ही खाणकामाच्या आधीच काम मागतो. वरचा काळपट थर वेगळा उचलायचा आणि तयार झालेल्या टेकडीवर शक्य तितक्या लवकर पसरायचा. उंच ढीग घालून महिनोन्‌महिने ठेवला, तर आतलं बी आणि बुरशी दोन्ही मरत जातात. आमची निम्मी भांडणं याच ढिगांवरून होतात, कारण डंपर खाणीच्या सोयीने फिरतात.

मग वारा. त्याच्या आडव्या शेडनेटच्या रांगा, आणि मधे बाजरी, ज्वारी, ताग. ही पिकं घ्यायची नसतात. वाळू धरून ती वाळली की त्यांचं काम झालं. दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बे इथल्या अशाच खाणीत 1970 च्या दशकाअखेरीपासून साधारण हाच क्रम चालत आलाय. तिथे पसरलेल्या मातीतूनच बाभळीच्या कुळातली झाडं उठतात, नत्र धरतात. ती म्हातारी होऊन पडू लागली की मोकळ्या जागेत जंगलातली झाडं शिरतात. तिथल्याच बऱ्याच जमिनीवर सुरूच्या झाडांची लागवडही आहे. फोटोत दोन्ही हिरवंच दिसतं! पण सुरूखाली सुयांचा जाड थर साचतो, इतर फारसं काही उगवत नाही.

समुद्राच्या अगदी तोंडावर तर झाडं नकोतच. खारा वारा सोसणारी मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा नावाचं गवत हीच तिथली मूळ वस्ती. "इथे झाडं का नाहीत?" हे प्रत्येक पाहणीत ऐकावं लागतं.

किती रोपं जगली, याऐवजी न लावता किती जाती आल्या, हे आम्ही अहवालात आधी लिहितो. त्यासाठी करार बऱ्याच वर्षांचा लागतो, आणि तशी सही करणारे थोडेच. रोपवाटिका त्यामुळे अजून चालूच आहे. पगार तिच्यावरच निघतात.