‘मेरीलँड स्टाइल’चे ४४ डॉलर: क्रॅब केक आणि क्लॅम चावडरच्या मागे सहा दिवस

आधी ४४ डॉलरचं सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाहीये. मेरीलँडमधल्या बाल्टिमोरला पाण्याकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये मेनूवर लिहिलं होतं ‘मेरीलँड स्टाइल जंबो लम्प क्रॅब केक’, म्हणजे खेकड्याच्या मांसाची टिक्की, आणि किमतीच्या जागी ‘मार्केट प्राइस’. न्यू जर्सीतल्या एडिसनहून तीन तास गाडी चालवून आलो होतो, सडकून भूक लागलेली, समोर पाणी, बोटी, आम्ही काही न विचारता एक मागवला. आला तेव्हा वरून छान खरपूस, आत काटा घातला तर ओला पाव. खेकड्याचं मांस होतं, नाही असं नाही, पण त्याला चव अशी नव्हतीच, नुसतं मेयोनीज आणि मसाला. बिल आलं, एका केकचे ४४ डॉलर, टॅक्स आणि टिप वेगळी. नवऱ्याने शांतपणे विचारलं, हा खेकडा कुठला? वेट्रेस बिचारी खरं बोलली. डब्यातला, इंडोनेशियाचा.

तर पहिली गोष्ट ही डोक्यात पक्की बसवा की ‘मेरीलँड स्टाइल’ म्हणजे करायची पद्धत मेरीलँडची, खेकडा नव्हे. खेकडा इंडोनेशिया, फिलिपीन्स, व्हेनेझुएला कुठलाही असू शकतो आणि रेस्टॉरंटवाल्याला तो कुठला ते मेनूवर लिहायचं बंधन नाही. इंडोनेशियाचा खेकडा वाईट असतो असं मी म्हणत नाही, त्याच्या जातभाई कुर्ल्या आपल्या अरबी समुद्रातही मिळतात. पण चेसापीक बेचा, म्हणजे मेरीलँडच्या खाडीचा, निळा खेकडा थंडीत चिखलात गाडून घेऊन पडून राहतो, त्याआधी अंगात चरबी धरतो, आणि त्या चरबीमुळे मांसाला जो गोडवा येतो तो पाश्चराइज करून जहाजाने आलेल्या डब्यात कुठून येणार? २०१५ मध्ये ओशियाना या संस्थेने त्या भागातले ९० क्रॅब केक डीएनए टेस्टला लावले, स्थानिक म्हणून विकलेल्यांपैकी ३८ टक्के बाहेरच्या खेकड्याचे निघाले. हे मला परत आल्यावर कळलं, आधी वाचलं असतं तर ४४ डॉलर वाचले असते.

म्हणून ऑर्डर देण्याआधी तीनच प्रश्न विचारा, लाजू नका. खेकडा आज कुठून आलाय, मांस फ्रेश आहे की पाश्चराइज्ड, आणि आजची किंमत आकड्यात किती. ‘लोकल आहे’ एवढंच गोलगोल उत्तर आलं तर उठा. दारावर किंवा मेनूवर ‘ट्रू ब्लू’ची खूण असेल तर बरं, ती मेरीलँड सरकारची योजना आहे, तिथला खेकडा वापरणाऱ्यांसाठीच. आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मेरीलँडचा सीझनच बंद असतो, तेव्हा कोणी ताजा लोकल म्हणून देत असेल तर काय समजायचं ते समजा.

दुसऱ्या दिवशी लेक्सिंग्टन मार्केटला गेलो. मार्केट १७८२ पासूनचं, आणि तिथलं फेडलीज हे मासळीचं दुकान १८८६ पासूनचं. तिथला केक मोडला तेव्हा फरक नुसता डोळ्यांना दिसला. अंगठ्याएवढे पांढरे तुकडे सुटे होतात, मध्ये क्रॅकरचा चुरा जेमतेम धरून ठेवण्यापुरता. जंबो लम्प म्हणजे खेकड्याच्या मागच्या पोहायच्या पायांना जोडलेले दोन मोठे स्नायू, एका खेकड्यात फक्त दोन, म्हणून ते महाग. त्याखाली लम्प, मग बॅकफिन, मग स्पेशल, आणि नांग्यांचं तपकिरी मांस ते क्लॉ. माझं स्पष्ट मत, घरी करायला जंबो लम्प घेऊ नका, पैसे पाण्यात. लम्प आणि बॅकफिन अर्धं अर्धं घ्या, चव तीच आणि केक धरतोही चांगला.

मग बे ब्रिज. अ‍ॅनापोलिसहून ईस्टर्न शोरला, म्हणजे खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्याला, जायचं तर हा पूल ओलांडावाच लागतो, रूट ५०. लांबी ४.३ मैल, मधोमध पाण्यापासून १८६ फूट उंच, बाजूला शोल्डर नाही, कठडा बुटका. १९५२ चा पूल, दुसरा त्याला समांतर १९७३ चा. नवरा चालवत होता आणि त्या दिवशी वारा होता, शेजारी ट्रक, गाडी हलत होती, माझ्या हाताच्या मुठी पलीकडे पोचेपर्यंत सुटल्या नाहीत. उंचीची भीती असणाऱ्याने स्टीअरिंगला बसू नये. शुक्रवारी दुपारनंतर तर जाऊच नका, सगळा वॉशिंग्टन-बाल्टिमोर समुद्रावर निघालेला असतो. टोल जाताना घेतात, येताना नाही.

पलीकडचे दोन दिवस छान गेले, सेंट मायकल्स, केंब्रिज, हवा मस्त, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एक संध्याकाळ मात्र लिहिते. टेबलावर ब्राऊन पेपर, लाकडी हातोड्या, मसाल्याने लाल झालेले वाफवलेले डझनभर खेकडे. घ्यायच्या आधी आईला रत्नागिरीला फोन लावला, तिकडे पहाट झालेली.

“आई, कुर्ल्या घेतेय.”

“अगं, तिथी बघितलीस का? पौर्णिमेच्या कुर्ल्या पोकळ असतात, आमावस्येला घे.”

मी हे तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्याला सांगितलं तर त्याने दोन खेकडे उलटे करून माझ्या हातात दिले. एकाचं पोट पांढरंशुभ्र, चकचकीत. दुसऱ्याचं गंजल्यासारखं, तपकिरी डागांचं. पांढरा म्हणजे नुकतीच कात टाकलेला, आत पाणी, हातात हलका. गंजका म्हणजे कात टाकून बरेच दिवस झालेत, कवच भरलंय. दोन्ही सारख्याच आकाराचे, वजनात जमीन अस्मानाचा फरक. दिसायला स्वच्छ सुंदर खेकडा उचलू नका, मळकट उचला. नर की मादी ते पोटावरच्या झाकणावरून कळतं, आपल्याकडे बघतात तसंच, नराचं निमुळतं आणि मादीचं रुंद. मांस भरपूर हवं तर नर घ्यावा. सीझनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात भारी, जुलैच्या सुट्टीत जाणारे उगाच हलके खेकडे महाग खातात.

मसाल्याचंही सांगते. सगळे ओल्ड बे ओल्ड बे करतात. तो गुस्ताव ब्रुन नावाच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यू माणसाने बाल्टिमोरला १९३९ च्या सुमारास बनवला, त्याची गोष्ट मोठी आहे आणि केकमध्ये तो चांगलाच लागतो. पण बऱ्याच क्रॅब हाऊसमध्ये वाफवायला जे.ओ. स्पाइस वापरतात, त्यात जाड मीठ, ते कवचाला चिकटून राहतं.

आता केक. मांसाचा एक पौंडाचा टब घेताना उलटा करून लेबल वाचा, दुकानातल्या डब्यावर देशाचं नाव असतंच. आम्ही भाड्याच्या घरातच केले. आधी मांस ताटात पसरून कवचाचे कण बोटांनी वेचा, तुकडे न मोडता. वाडग्यात एक अंडं, पाव कप मेयोनीज, चमचाभर मोहरीचं मस्टर्ड, दोन टीस्पून वूस्टरशायर सॉस, टीस्पूनभर ओल्ड बे, थोडं लिंबू, हे आधी नीट फेटून घ्या. त्यात पंधराएक साल्टीन क्रॅकर चुरून टाका, मग मांस, आणि हाताने खालून वर उलटा, कालवू नका. कांदा, ढोबळी मिरची, आलं-लसूण काही नाही. मला माहितीये हात शिवशिवतो, माझाही शिवशिवला, पण हा वडा नाही. मुठीएवढे गोळे करून फ्रीजमध्ये किमान एक तास. हा तास चुकवला तर केक फुटणार, आमची पहिली खेप फुटली. मग ४५० डिग्री फॅरनहाइटला ओव्हनमध्ये वरून लोणी लावून बारा ते पंधरा मिनिटं. तेलात तळू नका. सहा केक झाले, आणि ते खाताना नवरा म्हणाला, यातला एक त्या रेस्टॉरंटवाल्याने ४४ ला विकला असता. दोघं बराच वेळ गप्प खात होतो.

तिथून एक रात्र घरी आणि मग रोड आयलंड. चावडरबद्दलही आमचा समज चुकीचा होता. चावडर म्हणजे क्लॅमचं, आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचं, सूप. आपण ज्याला क्लॅम चावडर समजतो ते घट्ट पांढरं, चमचा उभा राहील असं, त्यातला घट्टपणा मैद्याचा असतो, क्लॅमचा नाही. पहिल्या दिवशी एका बंदराजवळ १२ डॉलरला कप घेतला, त्यात क्लॅमचे तुकडे मी मोजले, पाच. बाकी बटाटा आणि खळ. तिथेच दोन दुकानं सोडून नॅरागॅन्सेटला रोड आयलंडची मूळ पद्धत मिळाली, दूध नाही, टोमॅटो नाही, नुसतं क्लॅमचं पाणी, बटाटा, कांदा आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. पहिल्या घोटाला मला घरचं तिसऱ्यांचं पाणी आठवलं, एकशिपी करताना आई वाटीत बाजूला काढून ठेवते ना, ते. समुद्र नुसता. मग कळलं की चावडरचा जीव त्या पाण्यात आहे, दूध घाला नाहीतर नका घालू. (टोमॅटो घातलेलं लाल ते मॅनहॅटनचं. मेन राज्यात १९३९ ला एका आमदाराने चावडरमध्ये टोमॅटो घालायला कायद्याने बंदी आणायचा प्रस्ताव मांडला होता, मी त्याच्या बाजूने आहे.) आणि एक, तिथे मेनूवर ‘क्लॅम केक’ असतं, ते क्रॅब केकसारखं काही नाही, क्लॅम घातलेली गोल भजी आहेत. गरम असताना चांगली लागतात.

क्लॅम स्वतः काढायचे होते म्हणून लायसन्स काढलं, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला ते लागतंच. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडला प्रत्येक टाऊनचं वेगळं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही, आधी टाऊन ऑफिसला फोन करा. जोराचा पाऊस झाला असेल किंवा रेड टाइड (समुद्रात विषारी शेवाळ माजणं) असेल तर किनारा बंद असतो आणि ही बंदी गंमत नाही, रेड टाइडचं विष शिजवून जात नाही. वेळ उधाणाच्या ओहोटीची धरा, आमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं, हे कोकणातल्याला वेगळं सांगायला नको. पाणी सगळ्यात खाली जायच्या दोन तास आधी उतरा.

पण खरं सांगू का, काढू नका. चार तास कमरेत वाकून रेक (दाताळं) ओढला, गुडघ्यापर्यंत चिखल, एकदा बूट आतच राहिला, हात घालून काढला. रेकचा दात कवचावर घासतो तो खर्रकन आवाज आला की उचलायचं, दहातून सात वेळा दगड. क्वाहॉग, म्हणजे तिथला जाड कवचाचा क्लॅम, मिळाला तर मापाच्या पट्टीतून बघायचा, जाडी एक इंचाच्या आत असेल तर परत टाकायचा. चार तासांत अठरा मिळाले आणि दुसऱ्या दिवशी मला मोजे घालता येत नव्हते. कोळ्याकडे तेच नगाला डॉलरभर आहेत. विकत घ्या. लहान लिटलनेक आणि मधले चेरीस्टोन महाग, सगळ्यात मोठे ‘चावडर’ क्लॅम स्वस्त, आणि चावडरला तेच लागतात. ओल्या फडक्याखाली फ्रीजमध्ये ठेवा, गोड्या पाण्यात बुडवले तर मरतात.

आमच्या अठरात आणखी सहा विकतचे घातले. ब्रशने घासून दोन कप पाण्यात झाकण ठेवून वाफवले. मोठ्यांना दहा-बारा मिनिटं लागतात, उघडला की काढा, न उघडलेला फेका. पाणी सुती फडक्याने गाळा, तळाची रेती भांड्यातच सोडा. पातेल्यात चार पट्ट्या बेकन मंद आचेवर, तूप सुटलं की बेकन बाजूला, त्यात एक कांदा आणि दोन दांड्या सेलरी मऊ होईस्तोवर, लाल नाही. मग गाळलेलं पाणी, दीड पौंड बटाट्याच्या फोडी, एक तमालपत्र, थोडा थाइम. बटाटा शिजला की चार-पाच फोडी कडेला दाबून मोडा, दाटपणा तेवढ्यानेच येतो, मैदा शिवू नका. क्लॅम बारीक चिरून अगदी शेवटी, नाहीतर रबर. कपभर क्रीम घाला आणि उकळू देऊ नका, फाटतं. मीठ चाखल्याशिवाय अजिबात नाही, आम्हाला चिमूटभरही लागलं नाही. वरून मिरपूड आणि बेकन.

रात्री नऊला झालं. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई, तिथल्याच, सत्तरीच्या, वाटी द्यायला गेले तर म्हणाल्या, आज नको, उद्या. चावडर एक रात्र मुरावं लागतं म्हणे. आम्ही दमलेलो, अर्धं तेव्हाच संपवलं आणि ते चांगलंच होतं. सकाळी उरलेलं मंद आचेवर गरम करून त्यांच्या पायरीवर तिघं बसून खाल्लं, आणि त्यांचं बरोबर होतं, रात्रीपेक्षा दुप्पट चव. त्यानंतर केप कॉडला जाताना सॅगामोर ब्रिजच्या अलीकडे सव्वा तास अडकलो, शनिवार होता. मंगळवारी जा. बर्फाचा डबा मात्र निघतानाच पक्का भरून घ्या, आमचा बर्फ त्या रांगेतच वितळला आणि घरासाठी घेतलेले डझनभर क्लॅम टाकून द्यावे लागले.