तुम्ही विचारलंत म्हणून: शेतकऱ्याच्या मुलांना मार्केटिंग कशाला?

"मॅडम, मार्केटिंग शिकवून आमच्या पोराला काय दारोदार साबण विकायला लावता का?" जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर या केळीच्या पट्ट्यात हा प्रश्न मला पालकसभेत काळजीने, शिक्षकांच्या खोलीत थट्टेने आणि लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढून घेताना सहज म्हणूनही विचारला गेला आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते आणि शनिवारी दुपारी नववी ते बारावीच्या, कोणत्याही शाखेच्या मुलांसाठी व्यवसाय आणि विपणनाचा, म्हणजेच मार्केटिंगचा, वर्ग घेते. त्याला फी नाही, गुण नाहीत आणि प्रमाणपत्रही नाही, त्यामुळे लोकांचा संशय कमी होण्याऐवजी वाढतोच.

मला राग येतो तो प्रश्नाचा नव्हे, तर तो कोण विचारतो याचा. वर्षाकाठी गाड्याच्या गाड्या केळी विकणाऱ्या घरातला कर्ता माणूस मला सांगतो की विक्री हे आपले काम नाही. आपण पिकवायचे, भाव बाजाराच्या बोर्डावर लागायचा, कापणीला व्यापाऱ्याची माणसे यायची आणि काट्यावर जे वजन भरेल त्यातून घडाच्या दांड्याची वजावट झाली की उरेल ते आपले. ज्याच्या हातून एवढा व्यवहार होतो, त्यालाच तो व्यवहार आपल्या मुलाने समजून घेणे कमीपणाचे वाटावे, हे मला आजही पटत नाही.

बारावीच्या 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' या पुस्तकात उद्योजकता आणि विपणन अशी दोन्ही प्रकरणे आहेत. पण ती फक्त वाणिज्य शाखेच्या मुलांच्या वाट्याला येतात, आणि केळीच्या पट्ट्यात हुशार समजला जाणारा मुलगा विज्ञानाला जातो. हे खूळ माझ्या एकटीच्या डोक्यातले नाही, हे सांगण्यासाठी पूर्वी मी दिल्लीच्या सरकारी शाळांचे उदाहरण देत असे. तिथे २०२१ साली अकरावी-बारावीच्या मुलांना व्यवसाय करून पाहण्यासाठी प्रत्येकी २,००० रुपये भांडवल दिले गेले. त्यावर "दिल्लीचे दिल्लीत" एवढेच उत्तर मिळे, म्हणून ते उदाहरण मी सोडून दिले.

त्याऐवजी आपल्याच मातीतली उदाहरणे देऊ लागले. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली, आणि तिचे जुने शेअर जपून श्रीमंत झालेल्या अमळनेरच्या घरांच्या गोष्टी तर खानदेशात सगळ्यांनाच ठाऊक आहेत. जैन इरिगेशनचे संस्थापक, वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली. पालकांच्या माना डोलत. भवरलालजींनी १९७८ साली केळीच्या पावडरीचा आजारी कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य तयार करायला सुरुवात केली, ही गोष्ट मात्र कोणी पुढे विचारत नसे. केळीच्या मुलखातला केळीचाच कारखाना चालला नाही, तो पपईवर चालला. का, हा प्रश्न माझ्या दृष्टीने संपूर्ण विपणनशास्त्राहून मोठा आहे, आणि सभेत टाळ्या मिळवण्याच्या नादात तो मीही अनेकदा गाळला आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहावेसे वाटले त्याकडे येते. वर्गात मी एक गृहपाठ देते: आपल्या घरातल्या कोणत्याही एका व्यवहाराचा खर्च आणि उत्पन्न प्रामाणिकपणे मांडायचे. कोणी पिठाच्या गिरणीचा मांडतो, कोणी आईच्या पापड-बिबड्यांचा. अकरावी विज्ञानाच्या एका मुलाने वडिलांच्या तीन एकर केळीबागेचा हिशोब मांडला. पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी साधारण १,७४० खोडे. टिश्यू कल्चरची रोपे, ठिबकच्या नळ्या, खते, करपा रोगावरच्या फवारण्या, वादळात आडवी झालेली खोडे, विजेचे बिल, सोसायटीचे व्याज. हे सगळे त्याने पावत्या शोधून लिहिले होते. त्याखाली त्याने, मी न सांगता, आणखी दोन ओळी घातल्या होत्या. एक वडिलांच्या मजुरीची आणि दुसरी आईच्या मजुरीची. खोडाभोवतीची पिले कापणे, केळफूल मोडणे, घडांना टेकू देणे, बाहेरच्या मजुरांचा चहा-भाकरी, असे आईचे दिवस त्याने महिन्यावार मोजून गावातल्या बायकांच्या रोजाने गुणले होते. या दोन ओळी वगळल्या तर बाग थोड्या फायद्यात होती, आणि त्या धरल्या तर तोट्यात.

शास्त्र म्हणून त्याचे काहीच चुकले नव्हते. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगही खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतो. तो आयोग केळीला हमीभाव सुचवत नाही, एवढाच काय तो फरक. वर्षअखेरीस मुलांनी आपापले हिशोब पालकांसमोर वाचायचे अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि त्यानेही वाचला. वाचताना आईच्या ओळीवर तो थोडा अडखळला, मग रक्कम सांगितली. त्याची आई बायकांच्या रांगेत होती आणि तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, हे मला बसल्या जागेवरून कळले नाही. वडील मागे उभे होते. हिशोब संपल्यावर मुख्याध्यापकांनी "वा, छान" म्हणून टाळ्या सुरू केल्या, तसे वडील दोन पावले पुढे आले.

"मॅडम, हिशोब बराबर आहे," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पण हा हिशोब मला ठाऊक नव्हता असं तुम्हाले वाटतं का? मला सगळा पाठ आहे. घरात कोणी मोठ्यानं म्हणत नाही, म्हणून घर चालतं."

एवढे बोलून ते बायकोला घेऊन निघाले. मुलगा कागद घेऊन तसाच उभा राहिला आणि मी पुढच्या मुलीचे नाव पुकारले. सभा चालू ठेवण्यासाठी तेवढेच मला सुचले.

त्या दिवसानंतर मला विचारणाऱ्यांच्या हाती नवे हत्यार आले: "पाहा, बापाला चारचौघांत उघडं पाडायला शिकवता." हा आरोप मला मान्य नाही. मुलाने बापाची निंदा केली नाही. उलट त्या घरात आईचे काम पहिल्यांदा कोणीतरी आकड्यांत लिहिले. घर कशाने चालते ते वाक्य वडिलांनी ऐकवले नसते, तर ते खरे राहिले नसते का? पण इथवर आले की मला पूर्वीची मी आठवते. "हिशोब कळला की मार्ग सापडतो" असे मी फळ्यावर लिहीत असे. मार्केटिंगच्या पुस्तकात वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी अशी चार अंगे शिकवतात. १९६० पासून जगभर हीच चौकट चालते. केळी उत्पादकाच्या हातात यांतले किती? भाव बऱ्हाणपूर किंवा रावेरच्या बोर्डावरून येतो, कापणीयोग्य घड चार दिवस थांबत नाही, आणि माल कुठे जाणार हे गाडी ठरवते. उरली वस्तू. तिच्यासाठी आपल्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण काट्यावर ते कोणी विचारल्याचे माझ्या कानावर आलेले नाही. मग मी मुलांना मार्ग दाखवते, की मार्ग कुठे बंद आहे तेवढेच दाखवते?

वेफर्स करून विका, हे उत्तर मला लोक तत्परतेने देतात. मुलांनी तेही करून पाहिले आहे. आठवडे बाजारात पाकिटे खपली, आणि मुलींनी अन्नसुरक्षेच्या १०० रुपयांच्या नोंदणीपासून वजनाच्या छपाईपर्यंत सगळे नीट केले. पण तीन एकरांची केळी आठवडे बाजारात वेफर्स होऊन जात नाही, हे नववीतल्या मुलीला कळते, सल्ला देणाऱ्यांना कळत नाही.

त्याच वर्गात एका केळी व्यापाऱ्याची मुलगी आहे. तिने गेल्या वर्षी उत्तरेकडे गेलेल्या एका गाडीचा हिशोब मांडला होता: भाडे, वाटेत पिकून गेलेला माल, तिकडच्या आडत्याकडे महिनोन्‌महिने अडकलेले पैसे. त्या गाडीत तिच्या वडिलांनाही तोटाच होता. ज्याला आम्ही सगळे भाव पाडणारा म्हणतो, त्याच्याही वहीत ही ओळ असते, हे कळल्यावर वर्गातली मुले बराच वेळ वाद घालत होती. तो वाद मला पुस्तकातल्या कोणत्याही प्रकरणाहून मोलाचा वाटला, आणि या वर्गाच्या बाजूने माझ्यापाशी असलेला सर्वांत भक्कम पुरावाही तोच आहे, जरी त्याने कोणाच्या घरी एक रुपया जास्त आला नसला तरी.

तो मुलगा अजून येतो. वडिलांनी यंदाही केळीच लावली आहे. पालकांसमोरचे वाचन या वर्षी ठेवावे की नाही, यावर सहकाऱ्यांत दोन मते आहेत आणि माझ्या एकटीची तीन. म्हणून बाजारात भेटले तेव्हा मी त्या वडिलांनाच विचारले. ते म्हणाले, "ठेवा ना. पण मंग व्यापाऱ्यालेही बोलवा, त्यालेही उभं राहून ऐकू द्या." व्यापाऱ्याची मुलगी याच वर्गात आहे, म्हणजे तिचे वडील पालक म्हणून निमंत्रित आहेतच, आजवर ते एकदाही आलेले नाहीत, आणि या वेळी घरी जाऊन बोलवावे की कसे, हे मी अजून ठरवलेले नाही.