३१ नावांचा आदेश आणि त्यातून घडलेला गट : नॅक समन्वयक म्हणून माझा अनुभव

आमच्या विद्यापीठाने नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, पुढच्या फेरीची तयारी सुरू केली तेव्हा कुलसचिव कार्यालयातून एक आदेश निघाला. त्यात ३१ नावे होती, समन्वयक म्हणून पहिले नाव माझे होते आणि शेवटी ‘सर्व संबंधितांनी सहकार्य करावे’ हे नेहमीचे वाक्य होते. त्या वाक्यापलीकडे माझ्या हाती काहीही नाही, हे पुरते लक्षात यायला मला दोन महिने लागले. समन्वयकाला कोणाची वेतनवाढ रोखता येत नाही, कोणाची बदली करता येत नाही आणि कोणाचा गोपनीय अहवालही लिहिता येत नाही. विभागप्रमुख माझ्या बरोबरीचे होते, अधिष्ठाता माझ्यापेक्षा वरच्या पदावर होते आणि कार्यालयीन कर्मचारी आपापल्या कक्ष अधिकाऱ्यांना उत्तरदायी होते. ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे त्यांपैकी एकही जण माझ्या हाताखालचा नव्हता.

कामाचे स्वरूप थोडक्यात सांगायला हवे, कारण गट कसा असावा हे बरेचसे त्यावरच ठरले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये स्थापन केलेल्या या परिषदेने २०१७ मध्ये मूल्यांकनाचा सुधारित आराखडा आणला. आम्ही गेलो त्या पद्धतीत सात निकष आणि एकूण १००० गुण होते. विद्यापीठांसाठी त्यांतले २५० संशोधन व विस्तारकार्याला, २०० अध्यापन व मूल्यमापनाला, १५० अभ्यासक्रमाला आणि उरलेल्या चार निकषांना प्रत्येकी १०० होते. या पद्धतीत संख्यात्मक मेट्रिकचा, म्हणजे आकड्यांत मोजल्या जाणाऱ्या मुद्द्यांचा, वाटा सुमारे ७० टक्के होता; थोडक्यात, पाच वर्षांची आकडेवारी आणि प्रत्येक आकड्यामागे कागद. चांगली भाषा असणारे दोन-चार प्राध्यापक बसून अहवाल लिहून काढतील, ही सोय त्यात नव्हती. आकडे परीक्षा विभागात, लेखा विभागात, ग्रंथालयात, वसतिगृहाच्या नोंदवहीत आणि कित्येकदा एखाद्या सहायकाच्या संगणकावरच्या फाइलमध्ये होते.

पहिल्या दोन महिन्यांत आम्ही पाच बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीला १९ जण आले, पाचव्या बैठकीला ११. प्रत्येक बैठकीत कामाची वाटणी झाली, प्रत्येकाने मान डोलावली आणि पुढच्या बैठकीत जवळजवळ तीच वाटणी पुन्हा झाली. काहींना कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, फायलीत लावण्यासाठी समिती सदस्यत्वाचे पत्र हवे होते, आणि त्यात गैर काही नाही, पण पत्र तर पहिल्याच दिवशी मिळाले होते.

मी मानसशास्त्र शिकवते. मॅक्सिमिलियन रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून समजावून दिले आहेत. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार आठ माणसे मिळून दोर ओढतात तेव्हा प्रत्येकाचा सरासरी जोर, एकट्याने ओढताना असतो त्याच्या जेमतेम निम्मा भरतो. नंतरच्या अभ्यासांनी दाखवले की यातली काही घट ताळमेळ नसल्यामुळे होते आणि काही ‘दुसरा ओढतोच आहे’ या भावनेमुळे. इतके माहीत असून मी ३१ जणांना एकाच दोराला लावले होते. याची लाज वाटली, ती अजूनही थोडी वाटते.

आदेश बदलून घेण्याचा विचार मी सोडून दिला. विद्यापीठात समितीतून नाव वगळणे हा अपमान समजला जातो आणि तो पुढे अनेक वर्षे लक्षात ठेवला जातो. समिती कागदावर तशीच ठेवून मी कामासाठी तीन-तीन जणांचे सात गट केले. प्रत्येक गटात एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक सहायक प्राध्यापक आणि प्रशासनातला एक कर्मचारी असे तिघे होते. आधी एका निकषाच्या ओळीत पाच नावे असत, आता प्रत्येक मेट्रिकपुढे एकाच माणसाचे नाव होते. उरलेल्या दहा जणांना मी स्वतः भेटून, लिहून झालेला मजकूर वाचण्याची विनंती केली. सहा जणांनी होकार दिला आणि चौघे हळूहळू बाजूला झाले. त्या चौघांना परत आणण्यासाठी मी काही केले नाही, आणि तसे न करणे बरोबरच होते असे मला वाटते.

प्रशासनातल्या सहकाऱ्यांना गटात घेणे हा निर्णय मी खरे तर सोयीसाठी घेतला होता. पहिल्या एकत्र बैठकीत ते सातही जण भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसले. ‘इकडे टेबलाशी या’ असे म्हटल्यावर दोघे आले, बाकीच्यांसाठी खुर्च्या ओढून आणाव्या लागल्या. त्याच बैठकीत उत्तीर्णतेच्या टक्केवारीचा तक्ता पडद्यावर होता. परीक्षा विभागातले एक सहायक बराच वेळ गप्प होते. शेवटी ते म्हणाले, “मॅडम, हा आकडा निकाल लागला त्या दिवसाचा आहे. पुनर्मूल्यांकनाचे निकाल नंतर येतात, ते यात धरलेले नाहीत. विभागांनी पाठवलेल्या यादीत मात्र ते धरलेले आहेत, म्हणून तुमची बेरीज कधीच जुळणार नाही.” तीन प्राध्यापक दहा दिवस ती बेरीज जुळवत बसले होते. त्यानंतर एखाद्या तक्त्यावर चर्चा सुरू करण्याआधी तो आकडा नोंदवणाऱ्या माणसाला प्रथम बोलायला सांगायचे, असा आमचा प्रघात पडला.

ज्येष्ठतेचा प्रश्न अधिक नाजूक होता. संशोधनाच्या निकषाची माहिती भरण्याचे काम मी एका तरुण सहायक प्राध्यापिकेकडे दिले, कारण तिला शोधनिबंधांच्या याद्या आणि दुवे तपासण्याची सवय होती. त्याच गटातल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी बैठकीला येणे थांबवले. मी त्यांना पत्र पाठवले नाही, त्यांच्या खोलीत गेले. ते थेट म्हणाले, “मी तिच्या हाताखाली काम करायचे का?” मी त्यांना सांगितले की माहिती ती भरेल, पण सातही निकषांच्या वर्णनात्मक मजकुरावर शेवटचा हात फिरवणारे कोणी आमच्याकडे नाही आणि ते काम त्यांच्याइतके काटेकोर दुसरे कोणी करणार नाही. हे मी त्यांची समजूत काढण्यासाठी म्हटले, हे कबूल करते, पण ते खरेही निघाले. ‘उल्लेखनीय’, ‘भरीव’ आणि ‘सर्वांगीण’ हे शब्द त्यांनी सातही निकषांतून निर्दयपणे उडवले आणि प्रत्येक विधानापुढे ‘पुरावा कोणता?’ असे लाल शाईने लिहिले.

माझी सर्वांत मोठी चूक माहिती गोळा करताना झाली. विभागांकडून तक्ते वेळेवर येत नव्हते म्हणून मी व्हॉट्सअॅपच्या गटावर, माहिती दिलेले विभाग हिरव्या आणि न दिलेले लाल रंगात दाखवणारी यादी टाकली. अर्ध्या तासात एक विभागप्रमुख गटातून बाहेर पडले आणि दोन दिवस कोणीच काही लिहिले नाही. मी यादी काढून टाकली, मग लाल रंगातल्या प्रत्येक विभागात पायी गेले. एका विभागप्रमुखांनी कपाटातून दोन फायली काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि विचारले, “ही माहिती मी तिसऱ्यांदा देतो आहे. पहिल्या दोन वेळेचे काय केलेत?” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमचे तीन गट तीच विद्यार्थीसंख्या तीन वेगवेगळ्या तक्त्यांत मागत होते. ज्याला आम्ही विभागांचा असहकार म्हणत होतो त्याचा निम्मा भाग आमच्याच अव्यवस्थेचा होता. त्या आठवड्यात आम्ही सगळे तक्ते एकत्र करून एकच तक्ता तयार केला आणि विभागांशी फक्त दोन माणसे बोलतील असे ठरवले. लाल विभागांपैकी एक सोडून सर्वांची माहिती पुढच्या तीन आठवड्यांत आली.

या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. पीएच.डी. मिळालेल्यांची वर्षवार संख्या मी स्वतः काढली होती. काही नावे अधिसूचनेच्या तारखेप्रमाणे एका वर्षात आणि पदवीदानाच्या तारखेप्रमाणे पुढच्या वर्षातही मोजली गेली होती. चूक मलाच सापडली होती आणि गुपचूप दुरुस्त करता आली असती. मी ती बैठकीत पडद्यावर दाखवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला तीन जणांनी आपापल्या तक्त्यांतल्या चुका कळवल्या, त्यांतली एक दीड महिन्यांपूर्वीची होती. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा तिला आढळले की चांगले नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे चुकांविषयी बोलले जात होते. हाही अभ्यास मी वर्गात शिकवतच होते. वर्गात मात्र तो पचायला सोपा असतो, कारण तिथे चुका दुसऱ्यांच्या असतात.

संस्थेची प्राथमिक माहिती स्वीकारली गेल्यावर स्वयंमूल्यमापन अहवाल सादर करायला ४५ दिवस होते. ते दिवस धावपळीचे पण सुरळीत गेले. खरी कसोटी नंतर लागली, कारण माहितीच्या पडताळणीत, म्हणजे डीव्हीव्हीत, काढलेल्या शंकांना १५ दिवसांत उत्तरे द्यायची होती. पर्यावरण व ऊर्जा लेखापरीक्षणाच्या एका मेट्रिकमध्ये आम्ही ‘वरील सर्व’ हा पर्याय निवडला होता आणि त्यावर शंका आली होती. तरुण सहकारी प्राध्यापिकेने दाखवून दिले की ऊर्जा लेखापरीक्षणाचे आमचे प्रमाणपत्र पाच वर्षांच्या कालावधीबाहेरचे आहे, त्यामुळे दावा एका पायरीने खाली आणला पाहिजे. माझे मत वेगळे होते. प्रमाणपत्र काही महिन्यांनीच बाहेर जात होते, स्पष्टीकरण जोडून ते मांडून पाहावे, असे मी म्हणाले आणि बराच वेळ म्हणत राहिले. लाल शाईवाले ज्येष्ठ प्राध्यापक तिच्या बाजूने उभे राहिले, परीक्षा विभागातले सहायकही. हजर असलेल्या १४ पैकी ११ जण माझ्या विरोधात होते. आम्ही दावा खाली आणला. घरी जाताना मला राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दोन महिने माझ्या प्रत्येक वाक्यावर मान डोलावणारी तीच समिती आता माझे म्हणणे फेटाळत होती, हेही त्या रागातच लक्षात आले.

पीअर टीमच्या, म्हणजे नॅककडून प्रत्यक्ष पाहणीसाठी आलेल्या तज्ज्ञांच्या, भेटीबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. सादरीकरणे झाली, विभागांना भेटी झाल्या, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी बोलले. त्या टीमच्या एका सदस्यांनी पुनर्मूल्यांकनाविषयी प्रश्न विचारला तेव्हा मी उत्तर द्यायला पुढे झाले नाही, परीक्षा विभागातल्या सहायकांकडे पाहिले. त्यांनी नोंदवही उघडून चार मिनिटांत सगळे सांगितले.

वर्षभरानंतर समन्वयकपद माझ्याकडून गेले आणि ते त्या तरुण सहकारी प्राध्यापिकेकडे आले. वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी विभागांकडे अजूनही तो एकच तक्ता जातो. मागच्या महिन्यात माझ्याच विभागाचा तक्ता दोन रकाने रिकामे आहेत म्हणून परत आला, सोबत तिची एका ओळीची चिठ्ठी होती, आणि मी ते रकाने त्याच दिवशी भरून पाठवले.