ऊन

रविवार, रात्र

अंग आंबून गेलंय, पण आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. पहाटे पाचला इंदूरहून निघालो, निमाडातल्या ऊन गावची जुनी देवळं बघायला. आई, मी आणि भाचा. महू, मानपूर, मग घाट उतरलं की निमाड सुरू होतो आणि गाडीची काच खाली करावीशी वाटते. खलघाटच्या पुलावर आईनं नेहमीप्रमाणे हात जोडले आणि नर्मदेला नाणं वाहिलं. पुढे जुलवानियाहून डावीकडे वळलो. शेतांत मिरच्या वाळत घातल्या होत्या, लालभडक, आणि त्यांचा खाट गाडीत शिरताच तिघंही शिंकत सुटलो.

गावाची पाटी आली तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, इथे ऊन मिळतं का? स्वेटरचं?" दहा वर्षांचा आहे, घरात मराठीच बोलतो, पण शाळा हिंदी-इंग्रजीची. त्याच्या डोक्यात ऊन म्हणजे लोकर. त्याला म्हटलं, आपल्यात ऊन म्हणजे कडक ऊन. आणि या गावाचं ऊन तिसरंच आहे, संस्कृतातलं, म्हणजे उणं, कमी.

गोष्ट आईनं सांगितली, तिनं ती तिच्या सासूकडून ऐकलेली. बल्लाळ नावाच्या राजाच्या पोटात साप होता. दुखणं सोसेना म्हणून तो काशीला देह ठेवायला निघाला. वाटेत राणीला रात्री दोन सापांचं बोलणं ऐकू आलं आणि पोटातला साप कशानं मरेल ते तिला कळलं. राजा बरा झाला. त्यानं शंभर देवळं, शंभर तळी, शंभर विहिरी बांधायचा नवस केला, आणि प्रत्येकात एक कमी पडलं. नव्व्याण्णववर थांबलं, म्हणून गाव ऊन. आई म्हणते, नवस पुरा न झाल्याची हळहळ गावाच्या नावातच राहिली. मला मात्र वाटतं, नव्व्याण्णव बांधणाऱ्याला लोकांनी फार कडक हिशेब लावला!

देवळं परमार राजांच्या काळातली, अकराव्या-बाराव्या शतकातली. सगळ्यांत मोठं चौबारा डेरा. शिखर ढासळलंय, पण जे उभं आहे तेवढ्यातही कळतं की हे भूमिज पद्धतीचं काम. सिन्नरचा गोंदेश्वर किंवा अंबरनाथचं देऊळ पाहिलेल्याला इथे एकदम ओळखीचं वाटेल, छोट्या छोट्या शिखरांच्या माळा एकावर एक चढत जातात ना, तसं. महाराष्ट्रात ती देवळं बघायला बस करून जाणारे आपण, आणि इंदूरच्या पोटाशी असलेलं हे अर्ध्या मराठी घरांनी पाहिलेलं नाही. याचं मला आज मनापासून वाईट वाटलं. ऊन होळकरांच्या राज्यातलंच गाव!

आत मी एकाच गोष्टीसाठी आले होते. सर्पबंध. भिंतीवर नाग कोरलाय, त्याच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय. धारला आणि उज्जैनच्या महाकाळाकडेही असाच आहे. भोजराजानंतरच्या उदयादित्य या परमार राजाचं नाव याच देवळातल्या लेखात येतं. मी रविवारी घरी मुलांना मराठी शिकवते, फळ्यावर अआइई लिहिते, म्हणून असेल, पण तिथे पाय जागचे हलेनात. देवळाच्या भिंतीवर मुळाक्षरं! देवाच्या दारात कुणाला तरी वाटलं की ही अक्षरंही जपून ठेवावीत. दगड गार होता. भाच्याचा हात मी धरून ठेवला, अक्षरांना लावू दिला नाही, मग त्यानं हवेतच बोट फिरवलं, शेपटीपासून तोंडापर्यंत.

आणि तिथून हातभर अंतरावर कुणीतरी खिळ्यानं आपलं आणि मैत्रिणीचं नाव खरवडलंय. बाण मारलेलं हृदय वगैरे. इतका संताप झाला माझा! त्या मुलाला हे नऊशे वर्षांचं आहे हे कुणी सांगितलंच नसेल, असं आई म्हणाली. असेल.

दुपारी ग्वालेश्वर, गावाबाहेरच्या टेकडीवरचं जैन मंदिर. गुराखी पावसापाण्यात इथे आसरा घेत म्हणून हे नाव. दिगंबर जैनांचं पावागिरी सिद्धक्षेत्र हेच, सुवर्णभद्र आणि इतर मुनी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा. मंडपातून गाभारा खोल खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, थेट अंबरनाथची आठवण. आईचे गुडघे म्हणून ती वरच बसली. आम्ही दोघं उतरलो. अंधारातून आधी पाय दिसले, मग मान वर करत करत शांतिनाथ, दोन्ही बाजूंना कुंथुनाथ आणि अरनाथ. तिघेही तीर्थंकर, त्याआधी चक्रवर्ती, आणि तिघांनीही राज्य सोडलं. मधली मूर्ती बारा फुटांहून उंच. भाचा वर बघत राहिला, हात आपोआप जोडले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वरून आई विचारत होती, "काय दिसतंय गं?" मी पायरीवरून एकेक सांगत होते, आणि ती वर बसून डोळे मिटून ऐकत होती.

गावात शिवाची देवळं आणि जैन देवळं अशी जवळजवळ आहेत. एका वाणी-दुकानात चहा घेतला. दुकानदारीणबाई निमाडीत बोलल्या, आई मराठीत, आणि दोघींचं मिरचीच्या भावावर छान जमलं. किलोभर मिरची घेतली, बाईंनी एक मूठ वर घातली.

परतताना घाटात ट्रकांची रांग लागली, घरी यायला साडेनऊ. भाचा गाडीतच झोपला असं वाटलं होतं. पण आता खोलीत डोकावले तर दिवा चालू. वहीत त्यानं साप काढलाय, वेटोळ्यांत अ ते ज्ञ, सगळी अक्षरं जरा तिरकी. शेपटीच्या टोकाला जागा उरली होती, तिथे मोठ्ठा ळ. त्याला तो बोलताना अजून जमत नाही, 'काला' म्हणतो. लिहिलाय मात्र गोलाई सांभाळून.