मनसरचा काळा दगड

होकायंत्राचा तास म्हणजे वर्गातले पंखे बंद. जुलैच्या नागपुरात पोरं त्यासाठी मला मनातल्या मनात काय म्हणतात, ते ठाऊक आहे. पण वारा लागला की थर्माकोलवरची सुई वाट्टेल तिकडे तोंड करते. बाकं लोखंडी, म्हणून बसायचं फरशीवर. शाळेला आलेल्या विज्ञानपेटीत या प्रयोगासाठी चक्क स्टीलची वाटी आहे, तीही चुंबकाला चिकटणारी! पेटी बनवणाऱ्याने हा प्रयोग कधी करून पाहिला नसावा. मी दह्याचे प्लास्टिकचे डबे घेते आणि पाणी काठावर जरा फुगेल इतकं भरते. कमी भरलं तर थर्माकोलची चकती कडेला जाऊन चिकटते, फुगवून भरलं की मधोमध थांबते. सुई चुंबकाच्या उत्तर ध्रुवाने नेढ्याकडून टोकाकडे घासायची आणि दर वेळी चुंबक उचलून पुन्हा नेढ्याशी आणायचा. मागेपुढे घासलं की केलेलं पुसलं जातं. अशी घासली की टोक दक्षिणेला वळतं.

परवा सगळ्यांची टोकं दक्षिणेला, खिडकीजवळच्या गटाचं भलतीकडेच. "मॅडम, आमची सुई पळून राहिली!" एका मुलाच्या खिशात लिंबाएवढा काळा, जड दगड निघाला. वडील मनसरकडच्या मँगनीज खाणीवर कामाला. दारातून जाणारे आमचे एक सर म्हणाले, "मँगनीज चुंबकाला लागत नाही, दुसरं काही असेल." आमच्याकडे दगड हातात न घेताच निकाल लागतो.

खिसे झाडले. दगडच. त्याची एक बाजू सुईच्या टोकाला ओढायची, दुसरी त्याच टोकाला लोटायची. ओढून घेणं साध्या लोखंडालाही जमतं, लोटणं मात्र चुंबकालाच. खाणीतल्या ओळखीच्या भूवैज्ञानिकाला फोन केला. नागपूर जिल्ह्यातल्याच बेलडोंगरीला लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांचं जोरदार चुंबकीय खनिज मिळालं होतं, ब्रिटिशकालीन भूवैज्ञानिक फर्मर यांनी त्याला व्रेडेनबर्गाइट नाव दिलं. तसलाच काही प्रकार असू शकेल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोराचा प्रश्न तयार. "पुस्तकात लोखंड, निकेल, कोबाल्ट. मग मँगनीज कायले नाही?" ती यादी शुद्ध धातूंची, हे त्याला पटलं. लगेच म्हणाला, "म्हंजे दगडात लोखंडच ओढत असन न?" तसं नाही, अशा ऑक्साइडात मँगनीजचाही वाटा असतो. पण तो कसा, हे सहावीच्या पोराला समजेल असं सांगायला मी अजून शब्द जुळवते आहे.