तटस्थ

"तटस्थवर खूण कर," डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे चढवायला लागले.

नाशिकच्या गंगापूर रोडवरचा दातांचा दवाखाना. बीडीएसची इंटर्न सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन उभी. विधान होतं, 'दूरस्थ दंतसेवा उपयुक्त आहे.' पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत, पाच पर्याय. मतं मोजायची ही पट्टी लायकर्ट या मानसशास्त्रज्ञाची, १९३२ पासून चालत आलीय.

गंमत म्हणजे, जरा आधीच याच डॉक्टरांनी सुरगाण्याच्या पेशंटचा व्हॉट्सॲपवरचा फोटो बघून फोनवर सांगितलं होतं, "टाके छान आहेत, ताई. सूजही नाही. एवढ्यासाठी एसटीने येऊ नका."

मी विचारलंच, मग तटस्थ कसे?

"टाके फोटोत दिसतात हो. कीड मुळापर्यंत गेलीय का, ते दातावर टकटक करून, एक्स-रे काढूनच कळतं. यांनी दोन्ही एकाच वाक्यात कोंबलंय. मी काय सांगू?"

म्हणजे माणसाकडे दोन ठाम मतं, आणि तक्त्यात तो जाणार 'मत नाही' म्हणून! पुढे अशाच खुणांची सरासरी काढून कोणी म्हणेल, डेंटिस्ट अजून तयार नाहीत.

फोटो बघायची फी कुणी द्यायची, हेही फॉर्ममध्ये नव्हतं. (ताईंकडून त्यांनी काही घेतलं नाही.)

मित्रयादीतल्या डेंटिस्ट मंडळींनो, तुम्ही कुठे खूण केली असती?